भर खाडीत बंद पडणारं मशीन

दुपारचे तीन वाजलेत. चैत्राचं ऊन पडवीच्या कठड्यापर्यंत येऊन टेकलंय आणि भालचंद्र खवणेकर चटईवर उताणा पडून मनातल्या मनात कार्बोरेटर खोलतोय. झोप यावी म्हणून माणसं देवाचं नाव घेतात, याचं आपलं हे असं. आधी वरचं झाकण, मग जेट, मग आतली सुई. सुईपाशी आलं की त्याचे डोळे जड होतात.

या मशीनने त्याला पुरतं बांधून घातलंय. होडीच्या पाठीला लावायचं ते मशीन त्याच्या बापाने, जनार्दन खवणेकरांनी, बावीस वर्षांपूर्वी जुनंच घेतलं होतं. तेव्हापासून ते रुसायचं, खोकायचं, पण दोन शिव्या घातल्या की चालायचं. गेल्या श्रावणात एका सकाळी जनार्दनच्या छातीत कळ आली. सरकारी दवाखाना रस्त्याने तासाभराचा, खाडीतून वीस मिनिटांचा. भालचंद्रने बापाला होडीत निजवलं आणि दोरी ओढली. दहा मिनिटं मशीन अगदी शहाण्यासारखं चाललं. मग भर खाडीत दोनदा खोकलं आणि बंद पडलं, ते पडलंच. जनार्दन तिथेच, पाण्याच्या मधोमध गेला.

त्याला आता आठ महिने झाले. ते मशीन का बंद पडलं, एवढं एकदा कळलं की आपण सुटलो, असं भालचंद्रला वाटतं. तोवर त्याला ते विकवत नाही आणि दुसरं घेववत नाही. प्लग बदलला, पाइप बदलला, कार्बोरेटर तर इतक्या वेळा धुतला की त्यातून आता खिचडी वाढावी. मिस्त्रीने ड्रममध्ये लावून, स्वतःच्या कॅनमधलं पेट्रोल पाजून तासभर पळवून दाखवलं. म्हणाला, "ह्येका काय धाड भरली नाय." पण होडीवर चढवलं की दहाव्या मिनिटाला पुन्हा तेच. मग भालचंद्र टाकी उघडून पेट्रोल बघतो, भरपूर असतं. झाकण लावून दोरी ओढतो, मशीन सुरू होतं आणि पुन्हा दहा मिनिटांत मरतं. शेजारी म्हणाले, ती जागाच वाईट, नारळ दे. त्याने दोन दिले.

चटई हलते आहे.

हलणारच, ती होडीत अंथरलेली आहे आणि होडी स्वयंपाकघरात आहे. चुलीच्या अंगाला पाणी चुबुक चुबुक वाजतंय. पुढच्या फळीवर बाबा बसलेत. नेहमीची खाकी अर्धी चड्डी, बनियनला काखेत भोक. भालचंद्रला त्याचं काहीच नवल वाटत नाही. फक्त इतक्या दिवसांनी आले, मधे एकदाही आले नाहीत, याचा थोडा राग येतो.

"बघतंस काय? दोरी ओढ," बाबा म्हणतात.

तो ओढतो. मशीन पहिल्या ओढीला सुरू होतं. होडी फडताळाच्या बाजूने निघते आणि ती निघते तशी भिंत पुढे सरकते. आता हा शाळेचा चौथीचा वर्ग आहे. बाकांमधून होडी घासत चालली आहे. फळ्यावर काही लिहिलेलं नाही. खिडक्या आहेत, पण त्यांच्या काचा कोणीतरी निळ्या रंगाने रंगवून टाकल्यात, त्यामुळे आत गढूळ उजेड आहे. दार कुठल्या बाजूला होतं ते भालचंद्रला आठवत नाही. तो वळून बघतो. मागेही भिंतच आहे.

"बाबा, हय उकडता."

"उकडतलाच. वारो खयसून येतलो?"

मशीन खोकतं. एकदा, दोनदा. बंद.

"झाली तुझी दहा मिनटां," बाबा म्हणतात आणि हसतात. जिवंतपणी हसायचे तसेच, आवाज न करता, नुसते खांदे हलवून.

भालचंद्र कळवळून सांगू लागतो. "प्लग नवो घातलंय. पाइप बदललंय. कार्बोरेटर धुतलंय, धा वेळा. मी काय करूचा बाकी ठेवलंय ता तरी सांगा."

"मेल्या, ता उपाशी मरता आणि तू तेचा पोट फाडून बघतंस. जेवाण पोचता काय, ता कोण बघतलो?"

"टाकी भरलेली आसा, बाबा."

"भरलेली आसा म्हणान पोचता काय?"

 तो पुन्हा दोरी ओढतो. दोरी लांबत लांबत जाते, तिला शेवटच नाही. वर्ग अरुंद झालाय. तो दवाखान्याचा व्हरांडा आहे, दोन्ही बाजूंना सिमेंटची बाकं, आणि होडी त्यांच्यात अडकून बसली आहे, ना पुढे ना मागे. ज्या दवाखान्यात त्या दिवशी पोचायचं होतं, तोच हा. डॉक्टरांच्या खोलीला दार नाही, तिथेही निळा रंग. भालचंद्रला श्वास अपुरा पडतोय. आणि बाबा आता फळीवर बसलेले नाहीत. ते त्याच्या पायाशी आडवे आहेत, ओठ काळेनिळे, घामाने भिजलेले. त्यांना बोलवत नाही. उजवा हात वर करतात. अंगठा आणि दोन बोटं हवेत फिरवतात, काहीतरी पिळून उघडल्यासारखी.

 ही खूण भालचंद्र ओळखतो. त्या दिवशी बाबांनी हीच केली होती. होडीत पाण्याची प्लास्टिकची बाटली होती. जाणारा माणूस शेवटचं पाणी मागतोय, तर ते लेकाच्या हातून मिळायला हवं, नाहीतर जीव अडकून राहतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून भालचंद्रने मशीनची दोरी सोडली, बाटलीचं झाकण पिळून उघडलं आणि बाबांचं डोकं मांडीवर घेतलं. पुढे सगळा गाव म्हणाला, जनार्दन नशीबवान, मुलाच्या हातचं पाणी पिऊन गेला. आई गेले आठ महिने त्या एका गोष्टीवर उभी आहे. येईल त्या बाईला सांगते, पाणी मागून घेतलं हो त्यांनी.

खरं म्हणजे घोट गेलाच नव्हता. बाबांनी ओठ मिटून घेतले होते, मान फिरवली होती, पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं होतं. प्यायले, हे घरी येऊन सांगणारा भालचंद्रच.

आताही त्याच्या हातात बाटली आहे. तिचं झाकण उघडलेलं आहे. तो ती बाबांच्या तोंडाशी नेतो. बाबा ओठ मिटतात, बाटली ढकलतात, आणि त्याचं मनगट धरतात. पकड घट्ट आहे, जाळं ओढून ओढून राठ झालेली. त्याचा हात ते खाली नेतात, पेट्रोलच्या टाकीवर ठेवतात.

"टाकी कोणी रंगवल्यान?" त्यांना वाचा फुटते.

"तुमीच. आदल्या दिसा. होडी रंगवून रंग उरलो होतो म्हणान."

"आणि ह्या?" बाबा त्याचा अंगठा टाकीच्या झाकणावर टेकवतात.

झाकणाच्या मधोमध हवेचा स्क्रू आहे. तो सैल करूनच मशीन सुरू करायचं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. भालचंद्रने त्या दिवशी तो सैल केला होता. मिस्त्रीनेही बघितला होता, सैलच होता. पण स्क्रूच्या खाली टाचणी जाईल एवढं भोक असतं. त्या भोकात निळा ऑइलपेंट उतरून वाळलाय.

"भायरची हवा आत गेली नाय, तर आतला पेट्रोल भायर येतला कसा?" बाबा हळू म्हणतात. "तू झाकण उघडून बघीस, तेव्हढ्यात हवा जाय. मगे धा मिनटां चाले."

भालचंद्र अंगठ्याचं नख भोकात घालतो. रंग कडक आहे. तो खरवडतो, नख दुखतं, तो खरवडत राहतो. मग सुस्स करून हवा आत शिरते आणि आत ओढलेला टाकीचा पत्रा टॉक करून बाहेर येतो. व्हरांड्यात कुठूनसा वारा सुटतो.

"माका पाणी नको होता, झिला. झाकण सैल कर म्हणत होतंय."

भालचंद्रला रडू फुटतं. लहान मुलासारखं, खांदे गदगदून. "तेव्हा कळला असता तर तुमी वाचला असतात?"

"मी काय डॉक्टर?" बाबा म्हणतात. मग टाकीवरून हात फिरवतात. "रंग माझ्या हातचो. तू कित्याक मशीनाच्या मागे लागलंस?"

"मगे आयेक सांगू? पाणी नको होता, म्हणान सांगू?"

बाबा मान वळवतात. ते खिडकीकडे बघतायत. खिडकी अजून निळीच आहे.

"भाल्या. रे भाल्या, उठ."

पडवी. ऊन कठडा ओलांडून चटईवर आलंय. आई वाकून त्याला हलवते आहे.

"झोपेत केदो मोठ्यान ओरडत होतंस. कोण होता?"

"बाबा इल्ले."

आई तिथेच खाली बसते. पदराने तोंड पुसते. आठ महिन्यांत तिच्या स्वप्नात ते एकदाही आलेले नाहीत, आणि ती रोज वाट बघते, हे भालचंद्रला ठाऊक आहे.

त्याच्या उजव्या अंगठ्यात कळ येतेय. तो बघतो. नखाखाली रंगाची बारीकशी कपची घुसली आहे, निळी, कडक, कडेला रक्त आलेलं. टाकी तिकडे मांगरात, परसातल्या खोपटात आहे, आणि मांगराचं दार त्याने आठवडाभर उघडलेलं नाही.

"काय म्हणाले?" आई विचारते. "बरे दिसले? की तान लागली होती अजून?"

भालचंद्र अंगठा मुठीत घेतो.

"पाणी मागल्यानी," तो म्हणतो. "मी दिलंय. पोटभर प्याले, आये."

आईचा चेहरा इतका निवतो की त्याच्याने तिकडे बघवत नाही. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवते आणि म्हणते, "परत इले तर माका उठव हां."

"व्हय," भालचंद्र म्हणतो. ती चहा ठेवायला आत जाते, आणि तो मूठ तशीच आवळून बसून राहतो.