खडीखालची जाळी

फोन आला तेव्हा मी शेवगावकडच्या एका कच्च्या रस्त्यावर उभी होते आणि माझा उजवा बूट काळ्या मातीत रुतलेला होता. पलीकडून भास्करकाकांचा मुलगा बोलत होता. "ताई, बाबा सकाळी गेले. झोपेतच..." निघावं म्हणून पाय उचलला, तर पाय आला, बूट राहिला. काका असते तर त्यांनी आधी बूट किती खोल गेलाय ते मोजलं असतं, मग बाहेर काढला असता. याला आता सहा आठवडे झाले.

केडगावच्या आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत काका कित्येक वर्षं तंत्रज्ञ होते. मी इंजिनिअर म्हणून रुजू झाले तेव्हा जिओटेक्स्टाइल आणि जिओग्रिड, म्हणजे रस्त्याच्या खडीखाली घालायचं कापड आणि जाळी, मला तोंडपाठ होतं, हातात मात्र कधी घेतलं नव्हतं. काकांनी कापडाचा एक आणि प्लॅस्टिकच्या जाळीचा एक तुकडा माझ्यापुढे ठेवला. "मॅडम, हे कापड म्हंजे चहाचं गाळणं. पानी जाऊ देतं, चिखल वर येऊ देत न्हाई. आन् ही जाळी म्हंजे बाजेची नवार. सगळं वजन एका जागी पडू देत न्हाई." मी ते वहीत लिहून घेतलं.

पुढे एका साखर कारखान्याच्या रस्त्याचं काम आलं. खाली कालव्याच्या पाण्यानं फुगलेली माती, वरून उसाचे भरलेले ट्रक. ठेकेदार सांगत होते, खडीखाली सगळीकडे जाळी टाकलीय. एका पट्ट्याबद्दल काकांना संशय होता. रोलर फिरला की तिथली खडी लाटेसारखी हलायची. खोदून बघू म्हटलं तर ठेकेदार नाही म्हणाले. आमच्या मालकांचाही फोन आला, फार ताणू नका. अहवालावर सही माझी लागणार होती, नोकरीतली पहिलीच. मी हळूच म्हटलं, "काका, करून टाकते."

"करा की. पन अगुदर भरलेला ट्रक नेऊन बघू."

ठेकेदार हसले. टपरीवरून प्लॅस्टिकची खुर्ची मागवून त्यांनी पट्ट्याच्या कडेलाच मांडली आणि चहा घेऊन बसले. "आनू द्या ट्रक. कप हलला तर बोला."

ट्रकची पुढची चाकं गेली, मागची थांबली आणि सावकाश खाली बसू लागली. दाबला गेलेला चिखल कडेनं फुगला, नेमका खुर्चीखाली. ट्रक खाली चालला होता, ठेकेदार वर येत होते. उठावं तर सगळ्यांसमोर शोभा, म्हणून ते कप सांभाळत, एका अंगाला कलत बसून राहिले. काका पट्टी घेऊन खुर्चीच्या पायाशी वाकले. "साहेब, जरा हलू नका. रीडिंग घेतो." वहीत त्यांनी खरोखर नोंद केली: खुर्ची, नऊ सेंटिमीटर वर.

मग खोदलं. जाळी नव्हतीच. पट्टा उकरून नव्यानं करावा लागला आणि तो होईपर्यंत काका तिथून हलले नाहीत. परतताना मी म्हटलं, "माझी सही गेली असती त्याच्यावर." "गेली न्हाई ना," काका म्हणाले.

गेल्या रविवारी भिंगारला त्यांच्या घरी गेले. काकूंनी अंगणातल्या माठातून पाणी दिलं. "ह्यो माठ कलत हुता," त्या म्हणाल्या. "ह्यांनी खाली खड्डा घेतला, कापड टाकलं, जाळी टाकली, खडी टाकली. दोन दिस लागले. म्या म्हनलं, माठ हाय का मालट्रक?" त्या हसल्या... मग तांब्या खाली ठेवून त्यांनी माठाशेजारची जमीन पायाच्या अंगठ्यानं दाबली. मी बघत होते.

"रोज असं दाबून बघायचे," त्या म्हणाल्या. "आता मी बघते."