बंदुकीची गॅरंटी

माझ्या आईला गॅरंटी कार्डांचा भारी सोस होता. मिक्सर, पंखा, कुकर, बाबांचं घड्याळ, काहीही घेतलं की कार्डावर दुकानाचा शिक्का बसल्याशिवाय ती पायरी उतरायची नाही. कुकरच्या शिट्टीपायी तिने एका दुकानदाराला असं भंडावून सोडलं होतं की त्याने एकाऐवजी दोन शिट्ट्या देऊन हात जोडले. आम्ही भावंडं तिची खूप टर उडवायचो.

बाबांनी बंदूक घ्यायचं ठरवलं ती वर्षं वाईट होती. कापसात काही राहिलं नव्हतं, विहिरी आटत चालल्या होत्या, आणि बार्शीटाकळीच्या आमच्या शेतात जो काही हरभरा उभा राहायचा त्यात रानडुकरं धुमाकूळ घालायची. बाबांनी खेटे घालून पीक राखायला परवाना मिळवला. आई मात्र धास्तावली. वरूडला तिच्या भावाची संत्र्याची बाग होती. ट्रॅक्टरवरून उतरताना त्याची नवीकोरी बंदूक चापाला हात न लावता उडाली आणि डाव्या हाताची बोटं गेली. कारखान्याने त्याच्यावरच ढकललं, आणि भांडायला मामाच्या हाती एक कागद नव्हता.

म्हणून अकोल्याला बंदूक घ्यायला गेलो तेव्हा आई सोबत आली, आणि तिला आवरायला मी. जुन्या शहरातलं ते दुकान बाबांच्या ओळखीचं. दुकानदार मुसलमान, वडिलांच्या वेळपासून याच धंद्यातले, बोलायला गोड. बाबा बंदूक खांद्याला लावून फोटोला उभं राहावं तसे उभे होते. आईने कार्ड मागितलं. दुकानदार हसले. बंदुकीला कसली आली गॅरंटी, कंपनी लिहून देतच नाही, नळीवर चाचणीचा शिक्का आहे तो बघा म्हणाले. बाबांनी मला डोळ्यांनी खुणावलं, हिला बाहेर ने. मीही लाजेने लाल झाले होते.

आई जागची हलली नाही. "कंपनीचं जाऊ द्या, भाऊ," ती म्हणाली. "हे बंदूक भरून तुमच्या सोताच्या पोराच्या हातात देसान का?"

दुकानदारांनी बाबांच्या हातातून बंदूक काढून घेतली आणि फळीवर ठेवली.

"नाई देनार, भाभी," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. याच बनावटीच्या दोन बंदुका परत आल्या होत्या, घोडा चढवून ठेवला की आपसूक घसरायचा. कारखान्याला कळवलं तर वापरणाऱ्याचीच चूक असं उत्तर आलं. हा शेवटचा नग अंगावर पडला होता, कसाही जावा असं त्यांना वाटत होतं. हे सांगताना त्यांची मान खाली होती. मला त्या माणसाचा तेव्हाही राग आला नाही, आज तर नाहीच. समोर आलेलं गिऱ्हाईक कोण असं सोडतं?

दुसऱ्या बनावटीची बंदूक येईपर्यंत आमचा अर्धा हरभरा डुकरांनी खाल्ला. बाबा डबे बडवत आईच्या नावाने खडे फोडत राहिले. बंदूक आली तेव्हा दुकानदार स्वतः शेतावर आले. बाबांनी पहिला बार काढला तेव्हा ते त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. जे व्हायचं ते दोघांना होईल, एवढंच म्हणाले. बार नीट निघाला. आईने त्या दिवशी त्यांना बांधावर बसवून झुणका-भाकर वाढली, आणि पुढे दर दिवाळीला आमच्याकडचा फराळ जुन्या शहरात जायचा.

बाबा म्हातारे होऊन गेले, दहाही बोटांनिशी. त्यांनी शेवटपर्यंत नातवंडांच्या पतंगांना मांजा बांधून दिला. ते बघताना मला दुकानदार आठवायचे आणि मन भरून यायचं. बंदूक बनवणाऱ्याने लेखी हमी द्यावी का, असा वाद कधी निघाला की मी ही गोष्ट सांगते. लोक म्हणतात, बघा, माणूस चांगला असला की कागद कशाला लागतो!

मी आईलाही एकदा तेच म्हटलं होतं. दुकानदारांना ती भाऊ मानायची, राखी पाठवायची. तरी तिने माझ्याकडे रोखून बघितलं.

"तुह्या मामाले कुठं भेटला थो?" ती म्हणाली.