बिशांगाचं घटकाभराचं काम

सरोवरावरचं धुकं त्या सकाळी हलायचं नाव घेत नव्हतं. केळीच्या पानांवरून थेंब टपटपत होते आणि टेकडीमागे ढग दबा धरून बसला होता. पाऊस येणार हे नक्की. कधी, ते त्याचं तोच जाणे. तरी डोमितिलानं अंगणात चटया अंथरून कॉफीची फळं पसरली होती. वाळत घातलेली कॉफी आणि रांगतं पोर, दोन्हीकडे पाठ करायची सोय नसते, असं ती म्हणायची. शेजारीण पास्काझिया कुजकी फळं निवडायला म्हणून आली होती आणि निवडण्यापेक्षा बोलतच जास्त होती.

तेवढ्यात केळीच्या बागेतून कोकुतोना आली. अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत चिखल. डोमितिलाची सवत या अंगणात आजवर कधी आली नव्हती.

"अक्का," ती अंगणाच्या कडेलाच थांबून म्हणाली, "त्यांचं काय खरं न्हाई. रात्रीपासनं श्वास लागलाय. तुमाला बोलावलंय. पाणी घेऊन या म्हणाले."

पास्काझियाचे हात थांबले. "आता आठवलं व्हय पाणी? जन्मभर केळीच्या दारूनं चूळ भरली की रं बाबा त्यानं!"

पाणी म्हणजे बाप्तिस्मा. फादर पाद्रीवाड्यावर असायचे, नदीपलीकडे, आणि पावसानं पूल वाहून गेला होता. अशा वेळी मरणाच्या दारातल्या माणसाला बाप्तिस्मा द्यायला त्यांनी गावात डोमितिलाला शिकवून ठेवलं होतं. आजवर तिनं दिला तो बहुतेक कोवळ्या पोरांना, ज्यांचे डोळेही धड उघडले नव्हते.

बिशांगा तिचा नवरा. लग्नात त्यानं तिच्या बापाला शब्द दिला होता, "मीही देवळात येईन." मग कोकुतोना घरात आली, आणि दोन बायका असलेल्याला देवळात पाणी मिळत नाही. डोमितिला भावाच्या वाडीच्या कोपऱ्यात येऊन राहिली, त्याला वीसेक वर्षं झाली. बाजारात भेटला की बिशांगा हसून म्हणायचा, "येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेल्या चोरानं शेवटच्या घटकेलाच मागितलं न्हवं? आन् मिळाला स्वर्ग. माजी जीभ तर त्याच्याहून चलाख. घटकाभराचं काम, डोमितिले!"

आता ती घटका आली होती, आणि पाणी डोमितिलाच्या हातात होतं.

तिनं आभाळाकडे पाहिलं. कॉफी आत घेतल्याशिवाय जायचं कसं? चटया गुंडाळायच्या, फळं भरायची, दार लावायचं. नाही म्हणायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं हळू चाललं तरी पुरे होतं. गावात कुणी बोट दाखवलं नसतं. तिनं एक चटई उचलली. मग तिचं तिलाच उमगलं, की आपण चटईची घडी फार नीट घालतोय.

तिनं ती तशीच टाकली. "पास्काझिया, पाऊस आला तर बघ गं," म्हणून ती पाण्यानं भरलेला पोकळ भोपळा घेऊन निघाली ती कोकुतोनाच्याही पुढे.

बिशांगाच्या घरात जमिनीवर ताजं गवत अंथरलं होतं. कोकुतोनानं आत येताच पाहुण्याला चघळायला द्यायचे कॉफीचे वाळवलेले दाणे पुढे केले. डोमितिलानं हात लावला नाही. या घरची कॉफी चघळायची नाही, हे तिनं केव्हाचं ठरवलेलं होतं.

बिशांगा भिंतीला टेकून होता. कोकुतोना त्याच्यामागे बसली आणि तिनं त्याचं डोकं खांद्यावर घेतलं.

"आलीस," तो धापत म्हणाला. "नियम मला ठावं हाय. दोघींतली एक सोडायची. ही सोडली बघ. आजपासनं तूच माजी बायको. घाल पाणी."

कोकुतोनाचा चेहरा उतरला. पण तिनं त्याच्या डोक्याखालचा खांदा काढला नाही.

हेच वाक्य ऐकायला डोमितिलानं कितीतरी रात्री देवाला साकडं घातलं होतं. आज ते कानांवर पडलं, आणि तिला बाजारातल्या बोकडाची आठवण झाली. हा दे, तो घे.

"धनी," ती म्हणाली, "त्या चोरानं वर जायला शेजारच्याच्या डोक्यावर पाय न्हवता दिला. जिच्या खांद्यावर मान टाकलीय तिलाच ढकलताय व्हय?"

"मग नियम?"

"नियमाचं काय घेऊन बसलाय? तुमी आता दोघींनाबी सोडूनच निघालाय. तो आपसूक पाळला जाईल. फादरांना मी सांगते. तुमी आधी तिची माफी मागा."

बिशांगानं तोंड उघडलं. भावबंदकीचे तंटे जिभेच्या जोरावर जिंकणारा माणूस, पण "चुकलं" एवढंच काही केल्या ओठांवर येईना. बाहेर पाऊस आला आणि ओसरलाही. डोमितिला मांडीवर भोपळा धरून बसून राहिली. या वेळी तिला घाई नव्हती, आणि उशीर करायचाही नव्हता.

"हे... घटकाभराचं न्हाई गं," तो शेवटी म्हणाला, आणि रडू लागला. मग त्यानं मान वळवून कोकुतोनाला "चुकलं" म्हणून सांगितलं. थोड्या वेळानं डोमितिलाकडे वळून तेच सांगितलं, पण तिच्या वेळी त्यानं नजर खाली वळवली. तेवढ्यावरून तिला कळलं, की हे जिभेवरचं नाही.

"देवाला?"

"त्याला तर... आधीच सांगितलं. तो सोपा हाय. तुमी दोघी अवघड."

कोकुतोना रडता रडता हसली. डोमितिलानं त्याच्या कपाळावर पाणी ओतलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं, आणि त्या चोराचंच नाव त्याला ठेवलं: दिस्मास. मग तिनं गवतावर ठेवलेली कॉफी उचलली, दोन दाणे तोंडात टाकले आणि सवतीच्या शेजारी बसून चघळू लागली.

दिवस मावळायच्या आत तो गेला.

दुसऱ्या दिवशी, मातीला जाऊन आल्यावर, पास्काझिया धुसफुसत होती. "आमी जन्मभर गुडघे झिजवले, आन् हा सरळ आत! हा कुठला न्याय गं?"

"असू दे. दारातच बसला असंल पाय पसरून," डोमितिला म्हणाली. "आपुन पोचलो की म्हणंल, बायांनो, किती उशीर केला!"

तिनं नाक ओढलं, आभाळाकडे पाहिलं. ऊन चांगलं पडलं होतं. काल पास्काझियानं चटया वेळेत आत घेतल्या नव्हत्या. कॉफी भिजली होती. कोकुतोना तिन्हीसांजेला येणार होती, तिच्यासाठी केळी सोलायची होती. पण आधी हे. डोमितिला खाली बसली, आणि ओली फळं हातानं पसरू लागली.