काळ्या साडीवरच्या बिबड्या

धुळ्याची गाडी दारात उभी होती आणि आमच्या सुनंदाची माय घराच्या मातीच्या धाब्यावर ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या उलटवत होती. मी हाताशी होतो. तिचं पोट दुखायचं, म्हणून लेकीकडे जाऊन तपासून यायचं, एवढाच बेत. ओल्या राहिलेल्या बिबड्या पांढऱ्या धोतरावर होत्या. तिनं संक्रांतीची काळी साडी अंथरली आणि सगळ्या त्यावर टाकायला लावल्या. मी म्हटलं, चांगली साडी कशाला नासवतेस. ती म्हणाली, “काळं ऊन पेस, पांढरं माघारी धाडी देस. तुमले काय समजस?” काळं ऊन पितं, म्हणून ओली बिबडी त्यावर लवकर वाळते, असा तिचा हिशेब.

खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. कुलूप लावलं, किल्ली शेजारच्या जगन्नाथला दिली. पोटात कॅन्सरची गाठ निघाली, ती परत गावी आली नाही. तिला धुळ्यातल्याच स्मशानात पोचवली. मी तिथेच राहिलो.

गावात मी पहाटे केळीला पाणी द्यायला जायचो, त्याला कुणी नाव दिलं नव्हतं. इथे बूट घालून कुठेच न जाता परत येतो, त्याला मॉर्निंग वॉक म्हणतात. लिफ्टमध्ये लोक एकमेकांकडे पाहत नाहीत, वर आकडे पाहतात. तुमच्यातले जे पोरांच्या फ्लॅटात येऊन बसलेत, त्यांना हे सांगायला नको.

सुनंदा कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, आणि लॅबमध्ये कॅन्सरवर काम करते. मायचं सगळं उरकल्यावर ती लगेच लॅबला गेली, तेव्हा मला राग आला होता. मग एकदा जेवताना म्हणाली, आबा, केळ्याची साल टाकू नका, मला लागते. उभा जन्म केळीत गेला. साल ढोरापुढे टाकली, नाहीतर उकिरड्यावर.

तिनं मला समजेल असं सांगितलं. साल काळी पडते, त्या काळ्यासारखंच काळं आपल्या केसांत, कातडीत असतं. समुद्रातला एक शिंपला खडकाला घट्ट चिकटतो, त्याच्या गोंदावरून शास्त्रज्ञांना तसलं काळं बनवायची युक्ती सुचली, आणि त्याचा कच्चा माल केळ्याच्या सालीत असतो. त्याचे डोळ्याला न दिसणारे कण करायचे, गाठीत सोडायचे, वरून उजेड टाकायचा. कण तापतात, गाठ भाजते, शेजारचं मांस वाचतं. साल खाऊन काही होत नाही, हे आधीच लिहून ठेवतो. कारण फोनवर सांगितलं तर जगन्नाथ म्हणाला, मग आपल्या उकिरड्यावर दवाखानाच काढू.

मी हसलो, पण तेव्हापासून एक गोष्ट आत रुतली. ज्याला आपण फेकलं, त्यातच मायचा जीव होता का? हे विचारल्याशिवाय मला गावी जाता येईना, धुळ्यात राहता येईना. विचारायचीही भीती वाटायची.

शेवटी म्हटलं, मला दाखव. तिनं खिडक्या झाकलेल्या खोलीत नेलं, माझ्या डोळ्यांवर जाड चष्मा चढवला. दोन नळ्या होत्या, एकीत साधं पाणी, एकीत काळं. उजेड टाकला म्हणे, मला तर दिसलाच नाही; तो डोळ्याला दिसणारा नसतोच. यंत्रावर साध्या पाण्याच्या तापमानाचा आकडा जागचा हलेना, काळ्याचा चढत गेला. माझ्या तोंडून निघालं, “काळं ऊन पेस.” मायचं हे बोलणं सुनंदानंही ऐकलेलं.

ते आटोपल्यावर मी खिशातली बॅटरी काढून तळहाताला लावली. शेतात रात्री पाणी भरताना खेळ म्हणून करायचो. हात लाल दिसला. मनगटाला लावली, तो लाल उजेड मंद झाला. मग सदरा वर करून पोटाला लावली आणि सुनंदाला म्हटलं मागून बघ. मागे काहीच नव्हतं.

मी विचारलं, “मायच्या कामी आलं असतं?”

ती म्हणाली, “नाही आबा. आमचा उजेड या बॅटरीपेक्षा खोल जातो, पण तिची गाठ पार मागे, कण्याजवळ होती. तिथवर नाही जात. आणि आमचं तर अजून लॅबमधल्या काचेच्या वाटीतल्या पेशींवरच चाललंय.”

मी बॅटरी विझवली. वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण छातीवरचा दगड सरकला. आपण तिला सालीबरोबर फेकलं नव्हतं. येताना विचारलं, मग अजून खोल जाणारा उजेड असतो का? म्हणाली, तेच तर शोधतोय.

गावाहून जगन्नाथनं त्याच बिबड्या डब्यात भरून धाडल्या होत्या. झाकण मी कधी उघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. वास नव्हता, बुरशी नव्हती. बोटानं दाबली तर कट्‌कन मोडली. साडीवर पूर्ण वाळल्या होत्या. दोन बिबड्या गॅसवर भाजल्या. सुनंदानं एक उभ्यानंच खाल्ली, चप्पल घालता घालता, आणि सालीची पिशवी घेऊन गेली.

मग मी जगन्नाथला फोन लावला. म्हटलं, मी आता इथेच राहीन म्हणतो, पण घर बंद ठेवू नका. धाबं उन्हात रिकामं पडलंय, तुमच्या बिबड्या तिथे घाला. मायची साडी तुम्हीच आतल्या खुंटीला टांगली आहे. काळ्यावरच घाला.