सी-सॉवरची दोन पोरं
नुकत्याच कापलेल्या ओल्या हिरवळीचा वास आला की मला डिंभ्याच्या धरणाखालची बाग आठवते. तेव्हा माझी चार वर्षांची लेक तिथे सी-सॉवर बसली होती. समोरच्या टोकाला एक मुलगा येऊन बसला आणि दोघं खिदळू लागली. तेवढ्यात त्याचा बाप आला. तो माझा सख्खा भाऊ होता. वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोडपत्रावर मी सही नाकारली, तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. त्याने मुलाला खसकन उचललं, तशी माझी लेक धाडकन खाली आपटली. “कोण हायेत ह्या, पप्पा?” मुलाने विचारलं. “कोणी न्हाई. असतील कुठलं पावणं.” तरी लेक रडायला लागल्यावर तो तिला उचलायला वाकला. “हात लावू नको तिला!” मी ओरडले. तो मुलाला घेऊन निघून गेला. लेक आता कॉलेजात आहे. तो माणूस तिचा मामा होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.