आपोआप चालणारी पेटी

आमचे हे म्हणजे देवमाणूस. लोक कौतुकाने म्हणतात, मी वैतागून म्हणते. सव्वीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई, आणि फजिती दुसऱ्याची झाली तरी लाज यांना वाटते.

विज्ञानाच्या सरांनी एका काचेच्या पेटीत पाणी, शेवाळ, गोगलगाई आणि तीन मासे सोडले आणि झाकण मेणाने बंद केलं. म्हणे, निसर्गाला माणूस लागत नाही, ही पेटी आपोआप चालेल. सहाव्या दिवशी मासे उलटे तरंगत होते. यांनी शाळा भरायच्या आत बाजारातून तस्सेच तीन मासे आणले, पाणी बदललं, पुन्हा मेण लावलं. असं चार वर्षं! मी म्हणायचे, सांगून टाका की सरांना. तर म्हणे, बिचाऱ्यांची अब्रू जाईल.

बिचारे तोवर गावोगाव भाषणं ठोकत होते, की माणूस हात घालतो आणि सगळं बिघडवतो. टाळ्या त्यांना, आणि पाण्यात कुजलेली बोटं यांना. जंगलातही एकजण दुसऱ्याला खातो, पण खाणारा निदान भाषण करत नाही.

मग शाळेने माणसं कमी करायला काढली. सरांनीच सुचवलं, पेटी आपोआप चालते तर प्रयोगशाळाही चालेल. यांच्या हातात नारळ!

पंधरा दिवसांत पेटीला अशी घाण सुटली की वर्ग दुसरीकडे बसवावे लागले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? त्याच संध्याकाळी सर आमच्या दारात हजर. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

पेटी तुम्ही उघडत होतात का, त्यांनी विचारलं. यांनी मान डोलावली. वाटलं असेल, आता परत बोलावतील. सरांनी खिशातून कागद काढला. शिपायाने लुडबूड केली म्हणून मासे मेले, असं त्यावर आधीच लिहिलेलं. फक्त सही हवी होती. आणि आमचे हे पेन उघडून बसले!

मी कागदावरच चहाचा कप ठेवला.

"सर, आधी यांना कामावर परत घेतल्याचं पत्र आणा," मी म्हटलं. "नाहीतर चार वर्षं मासे कसे जगले, ते उद्या मी शाळेत येऊन सांगते."

सर चहा न घेताच उठले.

चौथ्या दिवशी पत्र आलं. हे कामावर गेले ते बाजारावरून, तीन मासे घेऊन.