पालथे ठेवलेले पान

छत्तीस वर्षांच्या सेवेत हाताळलेल्या बहुतेक गुन्ह्यांचे नोंदणी क्रमांक मी विसरलो आहे. एका प्रकरणातील एक वाळलेले पान मात्र डोळे मिटले की अजूनही शिरांसकट दिसते. तेव्हा माझ्या सेवेची तीन-चार वर्षे उरली होती आणि शहराच्या उत्तर भागातील एका ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. संबंधितांची नावे देणार नाही. पुण्यात ओळखणारे न सांगता ओळखतात, आणि न ओळखणारे चौकशी करून ओळखतात.

मंगळवारी सकाळी हजेरी आटोपून मी रात्रपाळीची स्टेशन डायरी तपासत होतो. टेबलावरचा फोन वाजला. पलीकडचा पुरुष सावकाश, प्रत्येक वाक्य पूर्ण करून बोलत होता.

"आपण लिहून घेता का?" त्याने आधी विचारले. मग म्हणाला, "विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्यालगत, बांधकामाच्या विटा तयार करणारी एक शेड आहे. तेथे भांगेच्या खोडांचे गठ्ठे आहेत. त्या गठ्ठ्यांत मादी झाडांचे फुलोरे लपवलेले आहेत."

मी नाव विचारले आणि फोन बंद झाला.

अमली पदार्थांची खबर शब्दशः लिहून वरिष्ठांकडे पाठवावी लागते. लिहिताना माझा पेन 'मादी झाडांचे फुलोरे' या शब्दांवर अडखळला. खबऱ्या असे बोलत नाही. तो म्हणतो, "साहेब, माल आहे."

येथे वाचकांसाठी थोडे थांबतो. दिवाळीत अनारशावर आपण खसखस लावतो. ती ज्या झाडाची, त्याच झाडाच्या बोंडातून अफू निघते. पण म्हणून अनारसे करणाऱ्या गृहिणीला कोणी पकडत नाही. भांगेच्या झाडाचेही असेच आहे. गांजा म्हणजे त्याचे फुलोऱ्याचे शेंडे. खोडाच्या सालीपासून बळकट धागा निघतो, आतल्या काडीचे तुकडे चुन्यात कालवले की हलक्या, उन्हात न तापणाऱ्या विटा होतात, आणि बियांच्या तेलावर प्रक्रिया केली तर त्यावर डिझेलचे इंजिन चालते. खोड बाळगणे गुन्हा नाही. खोडाबरोबर शेंडे सापडले तर मात्र सगळ्याच मालाकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

दोन पंच, वजनकाटेवाला आणि पथक घेऊन आम्ही शेडवर गेलो. चुना कालवायचे यंत्र सुरू होते. आमचे हवालदार नाक वर करून म्हणाले, "साहेब, हे इंजिन भजी तळतंय काय?"

"बियांच्या तेलावर चालतं, म्हणून तसा वास येतो," शेडच्या मालकीणबाई म्हणाल्या. वय पन्नाशीच्या आसपास, हाताला कोपरापर्यंत चुना. "भजी मिळणार नाहीत. विटा हव्या असतील तर दाखवते."

आम्ही का आलो ते सांगितल्यावर त्यांनी यंत्र बंद केले, हात धुतले आणि एक फाईल पुढे ठेवली. उत्तराखंडातील परवानाधारक शेतकऱ्यांच्या पावत्या, वाहतुकीचे कागद आणि 'शेंडे उतरवून माल दिला' असे दाखले तीत क्रमाने लावलेले होते. मी गठ्ठे सोडवायला सांगितले. सहा गठ्ठ्यांत काही नव्हते. सातव्यात फुलोरे निघाले, पुढे एकोणिसाव्यातही निघाले.

बाईंनी त्या शेंड्यांकडे पाहिले. "हे माझ्याकडचं नाही," एवढेच म्हणाल्या. प्रत्येक आरोपी हेच म्हणतो, म्हणून मी ते वाक्य पंचनाम्यात घेतले आणि पुढे गेलो.

पण ते वाक्य खोटे ठरले असते तर काय झाले असते, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. सगळ्या गठ्ठ्यांचे वजन गांजाचे वजन म्हणून धरले गेले असते. तसे झाले की शिक्षा किमान दहा वर्षांची, आणि जामीन जवळपास अशक्य. बाईंना अटक झाली. चोवीस तासांच्या आत त्यांना न्यायालयात उभे करायचे होते.

ठाण्यात मुद्देमाल टेबलावर मांडून लाखेचे सील लावण्याची तयारी चालली होती. हे काम आमच्या उपनिरीक्षकांकडे होते. वय सत्तावीस, वनस्पतिशास्त्राच्या पदवीधर, ठाण्यात येऊन वर्ष झालेल्या. मागच्याच महिन्यात एका चोरीचा छडा लावल्याबद्दल वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला होता. त्या फोटोत मीही होतो, कडेला, अर्धा. घरी सौभाग्यवतींनी त्याचे कात्रण करून ठेवू का असे विचारले, तेव्हा मी नको म्हणालो होतो.

"सर, एक मिनिट बघता का?" उपनिरीक्षक म्हणाल्या. "ही फुलं दाबलेली आहेत."

"गांजा दाबूनच आणतात, मॅडम. एवढं आम्हालाही माहीत आहे."

"तो एकत्र ठेचून दाबतात, सर. हे एकेक डहाळी वेगळी पसरून, कागदात घालून दाबलंय. आणि प्रत्येक डहाळीचं एक पान पालथं आहे. कॉलेजात आम्हाला तसंच करायला लावायचे. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कागदावर पानाची मागची बाजूही दिसली पाहिजे म्हणून."

मी ते ऐकले. समजलेही. आणि म्हणालो, "तुमचं कॉलेज राहू द्या. सील पुरं करा."

हे वाक्य लिहिताना आज लाज वाटते, पण ते मी जसेच्या तसे बोललो होतो. एका निरपराध बाईच्या आयुष्यातील दहा वर्षे टेबलावर होती आणि मला राग याचा आला होता की ही गोष्ट माझ्या लक्षात का आली नाही. उपनिरीक्षक चहाला गेल्यावर मी दार लोटले, सील बाकी असलेली एक डहाळी उचलली आणि बोटांचे ठसे पाहायचे भिंग तिच्यावर धरले. पान खरोखर पालथे होते. देठाशी सुईची दोन बारीक छिद्रे होती. मग मी केस डायरी उघडून लिहिले : 'मी बारकाईने पाहणी केली असता मला असे दिसून आले की…'

दुपारी बाईंचे यजमान ठाण्यात आले. कोथरूडहून दोन बस बदलून आले होते. पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या, टॉवेल आणि गोळ्यांच्या वेळा लिहिलेला कागद. कागदाला डावीकडे समास आखलेला होता. एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतात, असे त्यांनी सांगितले.

"साधारण किती दिवस लागतील?" त्यांनी विचारले.

"दिवस नाही, सर. दहा वर्षं."

"दहा?" ते खुर्चीत मागे रेलले. "पण वजन फक्त शेंड्यांचंच धरणार ना?"

असा प्रश्न आरोपीचा नवरा पहिल्या पाच मिनिटांत विचारत नाही. तो वकिलाचे नाव विचारतो, नाहीतर रडतो. आवाजही मला ओळखीचा वाटू लागला होता. पण आवाज वाटणे हा पुरावा नव्हे. मी त्यांना दरडावले नाही. माझे वडील प्राथमिक शाळेत गुरुजी होते. शिक्षकाला कसे बोलते करावे, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याच्यापुढे अडाणी व्हावे.

मी ती डहाळी त्यांच्यासमोर ठेवून भिंग हातात दिले. "सर, आम्ही पडलो पोलीस. हे मादी झाड आहे हे ओळखायचं कसं, तेवढं समजावून द्या. उद्या न्यायालयात विचारलं तर पंचाईत नको."

त्यांनी चष्मा पुसला. घसा साफ केला. दहा वर्षे हा शब्द ऐकून पडलेला चेहरा हळूहळू वर्गात उभ्या असलेल्या माणसाचा झाला. "इकडे या, असे उजेडाच्या बाजूला. हे पाहा, फुलांचे घोस पानांच्या बगलेत आहेत. नर झाडात ते असे लोंबते आणि सुटे असतात. आता पान. कडेला दाते, टोक निमुळतं. आणि हे एक पान मुद्दाम उलटं ठेवलेलं असतं, म्हणजे मागच्या शिरा आणि लव विद्यार्थ्यांना…"

ते थांबले. भिंग तसेच हातात राहिले.

"मुद्दाम कोणी ठेवलेलं, सर?" मी विचारले.

बाहेर ठाणे अंमलदार कोणाला तरी अर्ज दोन प्रतींत आणायला सांगत होते.

"मी," ते म्हणाले. "प्रत्येक वर्षी विद्यार्थ्यांची सहल हिमालयात न्यायचो. तिथे रस्त्याच्या कडेला उगवतं. जादाचे नमुने घरी होते."

शेडची दुसरी किल्ली घरीच असे. रविवारी, शेड बंद असताना, ते गठ्ठ्यांत नमुने ठेवून आले होते. कारण विचारल्यावर ते बराच वेळ बोलले.

"तिला यातलं काही येत नव्हतं. साल कुठली, गाभा कुठला, तेल किती निघतं, सगळं माझ्याकडून ऐकलेलं. मी तीस वर्षं शिकवलं, कोणी विचारलं नाही. ज्या दिवशी तेलावर इंजिन चाललं त्या दिवशी वर्तमानपत्रवाले आले. मी शेजारीच उभा होतो. फोटोवाला मला म्हणाला, काका, जरा बाजूला होता का?"

मी माझ्या टेबलावरचा कागद उगाच सरळ केला.

"होतात माणसं बाजूला," मी म्हणालो.

"मीही झालो. पण येत्या गुरुवारी आमच्या महाविद्यालयात तिचं व्याख्यान आहे. माझ्या विभागात. प्रमुख पाहुणी म्हणून. आणि प्राचार्यांनी आभारप्रदर्शन कोणाकडे द्यावं?" ते कोरडे हसले. "म्हटलं, शेड महिनाभर बंद पडेल. व्याख्यान रद्द होईल. एवढंच हवं होतं. दहा वर्षं नको होती हो."

त्यांच्यावर खोटी खबर देणे आणि खोटा पुरावा तयार करणे यांची कलमे लागली. बाईंना दुसऱ्या दिवशी न्यायालयात हजर केले तेव्हा आम्ही सर्व हकिगत लेखी मांडली, आणि पुढे त्यांच्याविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल दिला. रासायनिक विश्लेषकांच्या अहवालात शेंड्यांवर पाऱ्याचे क्षार आढळले. संग्रहातील नमुन्यांना कीड लागू नये म्हणून जुने लोक ते लावत असत. ओढणारा माणूस असला गांजा विकत घेणार नाही.

पण हे सगळे नंतरचे. त्या संध्याकाळी बाईंना सांगण्याचे काम माझ्याकडे आले. महिला अंमलदार त्यांना माझ्या खोलीत घेऊन आल्या, उपनिरीक्षकही बाजूला उभ्या होत्या. मी हकिगत सांगितली. रडारड होईल म्हणून पाण्याचा पेला भरून ठेवला होता. बाईंनी तो हातात घेतला नाही. त्यांनी डहाळी मागितली आणि देठापाशी पाहिले.

"ही छिद्रं माझ्या सुईची आहेत," त्या म्हणाल्या.

मला कळले नाही. त्यांनी समजावले. "लग्नानंतर आमच्याकडे रोज हेच चालायचं. हे सहलीहून पोतंभर आणायचे, मी कागदावर पांढऱ्या दोऱ्याने एकेक डहाळी शिवायचे. पान पालथं घालायचं कामही माझंच. कागदाच्या कोपऱ्यात चिठ्ठी असते, तिच्यावर 'संग्राहक' म्हणून ह्यांचं नाव. ते मीच लिहायचे, ह्यांचं अक्षर बरं नव्हतं म्हणून."

"तुम्हाला कधी काही वाटलं नाही?" उपनिरीक्षकांनी विचारले.

"वाटलं की. पण म्हणून मी कोणाला तुरुंगात नाही पाठवलं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "त्यांच्या गोळ्याही सकाळ-संध्याकाळच्या असतात. कागदावर माझ्याच वेळा लिहिल्या असतील. त्यांच्या मी सांगते, लिहून घ्या."

मी लिहून घेतल्या.

त्या गेल्यावर मी केस डायरी पुन्हा उघडली. 'मी बारकाईने पाहणी केली असता.' डायरीतील ओळ खोडता येत नाही, पण खाली पुरवणी नोंद करता येते. त्याला दोन मिनिटे लागली असती. मी डायरी मिटली आणि ती सहीसाठी वर गेली. चार महिन्यांनी तपासाबद्दल प्रशस्तिपत्र आले. समारंभात उपनिरीक्षकांनी सर्वांबरोबर टाळ्या वाजवल्या. त्यांनी डायरी वाचलेली होती. न्यायालयाची कागदपत्रे त्यांनीच तयार केली होती.

आयुष्यभर मी मत्सरातून घडलेले गुन्हे तपासले. जमिनीच्या बांधावरचे, दुकानांच्या रांगेतले, सख्ख्या भावांमधले. मत्सरी माणूस परक्याचे यश सहज सोसतो. ज्याला आपण शिकवले, ज्याच्या आधी आपण होतो, त्याचे सोसत नाही. आणि तो नेहमी स्वतःला सांगतो की मी फार काही मागत नाही. एक महिना, एक व्याख्यान, डायरीतला एक शब्द. प्राध्यापकांनी मागितले ते गुन्ह्यात बसले. मी घेतले ते कुठल्याच कलमात बसत नव्हते, एवढाच आमच्यातला फरक होता.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्या उपनिरीक्षकांना फोन केला. त्या आता निरीक्षक आहेत. पान तुम्ही पाहिले होते, असे लिहिणार आहे, हे मी सांगितले.

"लिहा की, सर," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या लेखात नावं नसतात ना?"

"नसतात."

"मग यातही माझं नाव नाही."

काल मी वरिष्ठ कार्यालयाकडे एक अर्ज लिहिला. गुन्ह्याचा क्रमांक जुन्या वहीतून शोधून काढला आणि केस डायरीतील ती नोंद चुकीची असल्याचे कळवले. सोबत प्रशस्तिपत्राची मूळ प्रत जोडली. अर्जात त्यांचे नाव, वडिलांच्या नावासह, पूर्ण लिहिले आहे. पोच घेऊन आलो आहे.